गप्प राहण्याची मुभा

२४ डिसेंबर १९०६, सोमवार. नाताळ दुसऱ्या दिवसावर आलेला. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतून या सुमारास समारंभ होत असत: सजवलेले झाड, मुलांनी पाठ केलेल्या कविता आणि सगळ्या शाळेने एका सुरात म्हणायची नाताळची गाणी. पण त्या सोमवारी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमधल्या आणि ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिलमधल्या शाळांत वर्गच्या वर्ग ओस पडले. ज्यू आईबापांनी मुलांना घरी ठेवले होते. यिद्दिश वर्तमानपत्रांनी तसे आवाहन केले होते, आणि गैरहजर मुलांचा त्या वेळचा अंदाज वीस ते पंचवीस हजारांचा होता. यांतले कितीतरी आईबाप कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबणारे, रशियन साम्राज्यातून जीव मुठीत धरून आलेले होते. मुलगा शिकला तर आपले पांग फिटतील, या आशेवर त्यांचे दिवस ढकलले जात. अशा माणसांनी आपणहून मुलांची शाळा बुडवली, त्याला तसेच कारण असले पाहिजे. सरकारी शाळेत धार्मिक सणाची गाणी असावीत की नसावीत, हा वाद अमेरिकेत आजही डिसेंबर आला की उकरून काढला जातो. त्यात दोन्ही बाजू गाण्याचे शब्द तपासत बसतात आणि ते गाणाऱ्या मुलाकडे पाहायचे राहून जाते, असे माझे म्हणणे आहे. ज्या शाळेत मुलाला काही न गमावता गप्प राहता येते, तिथे बाख गावा, हँडेल गावा, नाताळची स्तोत्रेही शिकवावीत. जिथे गप्प राहण्याची किंमत मुलाला मोजावी लागते, तिथे सौम्यातले सौम्य गाणेही सक्तीची प्रार्थना होऊन बसते. अमेरिकेच्या शाळांचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मला हेच सांगतो.

अमेरिकेत शाळेतल्या गाण्याची आणि चर्चमधल्या गाण्याची नाळ पहिल्यापासून जुळलेली आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. बॉस्टनच्या शाळा समितीने १८३८ मध्ये गायन हा विषय अभ्यासक्रमात घेतला, तो लोवेल मेसन यांच्या खटपटीमुळे. मेसन हे त्या काळच्या अमेरिकी चर्चसंगीतातले वजनदार नाव. आयझॅक वॉट्स यांनी १७१९ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘जॉय टू द वर्ल्ड’ हे स्तोत्र आज ज्या चालीत जगभर गायले जाते, ती चाल मेसन यांनीच बसवून रूढ केली. म्हणजे सरकारी शाळेला संगीताचा तास मिळवून देणारा आणि नाताळचे एक सर्वांत लाडके गीत घडवणारा माणूस एकच. म्हणून ‘शाळेत धर्मगीत घुसवले गेले’ अशी भाषा इतिहासाला धरून नाही. ते पहिल्या दिवसापासून तिथे होते. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट तिथे होती, ती म्हणजे आक्षेप. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात, कॅथलिक मुलांना शाळेत प्रॉटेस्टंटांचे किंग जेम्स बायबल वाचायला लावू नये, या मागणीवरून वातावरण इतके तापले की मे आणि जुलै महिन्यांत दंगली झाल्या, माणसे मेली, दोन कॅथलिक चर्च जाळली गेली. ज्यांना आज आपण सरसकट ‘ख्रिश्चन बहुसंख्य’ म्हणतो, त्यांच्यातही शाळेतल्या धर्मावर एकमत नव्हते.

सिनसिनाटीचे प्रकरण तर थेट गाण्यापर्यंत पोचते. तिथल्या शाळांचा जुना नियम होता की दिवसाची सुरुवात बायबलचा उतारा वाचून आणि मुलांच्या साजेशा गायनाने व्हावी. वाचन आणि गायन एकाच वाक्यात, एकाच विधीचे दोन भाग. १८६९ मध्ये शिक्षण मंडळाने बहुमताने ठरवले की शाळांत धार्मिक शिक्षण आणि बायबलसह धार्मिक ग्रंथांचे वाचन बंद. शहरात मोठे वादळ उठले, प्रकरण न्यायालयात गेले. पहिल्या फेरीत दोन न्यायाधीशांनी मंडळाचा ठराव रद्द केला; तिसरे न्यायाधीश अल्फान्सो टॅफ्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या विल्यम टॅफ्ट यांचे वडील, यांनी विरोधी मत नोंदवले. १८७२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. खुद्द नाताळाचे काय, तर ज्या प्युरिटनांना अमेरिकेच्या धर्मनिष्ठेचे मूळपुरुष मानले जाते, त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंगांचा दंड लावला होता. बायबलात या सणाला आधार नाही, हे त्यांचे कारण. तो कायदा १६८१ मध्ये उठला, आणि नाताळला केंद्र सरकारची सुटी मिळायला १८७० साल उजाडले. शाळेतला नाताळ अनादी काळापासून चालत आला आहे असे कोणी म्हणू लागले, तर या तारखा त्याच्यासमोर ठेवाव्यात.

आता ब्राउन्सव्हिल. ब्रुकलिनच्या पूर्वेला वसलेली ही वस्ती, आणि तिथल्या पब्लिक स्कूल क्रमांक १४४ मध्ये बहुतेक मुले ज्यू. १९०५ च्या डिसेंबरात नाताळच्या कार्यक्रमात मुख्याध्यापक फ्रँक हार्डिंग यांनी मुलांना ख्रिस्तासारखे होण्याचा उपदेश केला. एका विद्यार्थिनीने उठून हरकत घेतली की असे बोलणे चर्चच्या रविवारच्या वर्गात शोभेल, सरकारी शाळेत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने भर सभेत मुख्याध्यापकांना असे विचारावे, याला त्या काळात केवढे धैर्य लागले असेल. पालकांनी अर्ज केला, चौकशी झाली, हार्डिंग पदावर कायम राहिले. त्यांचा हेतू वाईट होता असे मलाही वाटत नाही. ज्या नीतीत ते वाढले ती मुलांना द्यावी, एवढेच त्यांच्या मनात असणार. पण समोर बसलेल्या मुलांच्या घरी त्या नावाशी कोणत्या आठवणी जोडलेल्या होत्या, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९०३ च्या ईस्टरला रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हमध्ये ज्यूंची कत्तल झाली होती. १९०५ च्या ऑक्टोबरात ओडेसात त्याहून मोठी झाली. ख्रिस्ती सण म्हणजे दारे लावून घरात बसायचे दिवस, हे या आईबापांनी लहानपणापासून शिकलेले होते. त्यांची मुले आता ख्रिस्तजन्माची स्तोत्रे गुणगुणत घरी येत होती, आणि ती त्यांना सक्तीच्या शिक्षणाने, करदात्यांच्या पैशांवर शिकवली जात होती. न्यूयॉर्क शहराच्या सनदेत यावर नियमही होता. ज्या शाळेत एखाद्या पंथाची शिकवण दिली जाईल तिला सार्वजनिक पैसा मिळणार नाही, मात्र भाष्य न करता बायबल वाचायला मनाई नाही, असा तो १८४० च्या दशकापासूनचा तोडगा. गाणे या दोहोंच्या मधल्या फटीत सापडले. ते शिकवण नव्हे म्हणून पहिल्या कलमातून सुटले. आणि त्यात भाष्य नाही असे तरी कसे म्हणावे, कारण स्तोत्र म्हणजे श्रद्धेचे उघड उच्चारण.

हार्डिंग प्रकरण एका माणसापुरते मिटवता आले असते. ऑर्थोडॉक्स ज्यू सभास्थानांच्या संघटनेचे अल्बर्ट लुकास यांनी ते मिटू दिले नाही. इतर शाळांतही काय चालते याची माहिती त्यांनी जमवली आणि सगळ्या शहरासाठी नियम करा अशी मागणी शिक्षण मंडळाकडे लावून धरली. १९०६ च्या डिसेंबरात मंडळाने दाद दिली नाही, तेव्हा यिद्दिश पत्रांनी बहिष्काराची हाक दिली. ज्यू समाजातही यावर दुफळी होती. जर्मनीतून आधीच्या पिढीत येऊन स्थिरावलेल्या, सधन, सुधारकी ज्यूंपैकी अनेकांना हा आक्रस्ताळेपणा वाटला. आपल्याला थारा देणाऱ्या देशात डोळ्यांवर येऊ नये, अशी त्यांची धारणा. बहिष्कारानंतर १९०७ मध्ये मंडळाच्या समितीने पंथीय स्तोत्रे आणि धार्मिक विषयांवरचे निबंध बंद करावेत, झाड आणि सांताक्लॉज राहू द्यावेत, अशी शिफारस केली. त्यावर उलटा गदारोळ उठला. पाहुण्यांनी येऊन घराचे सण बंद करावेत काय, असा त्याचा सूर होता. नाताळची गाणी न्यूयॉर्कच्या शाळांतून अर्थातच गेली नाहीत. पण त्या वर्षीच्या शिफारशीतून एक वाट निघाली, जी अमेरिकी शाळांनी पुढे शंभर वर्षे तुडवली: येशू बाजूला ठेवा, बर्फ, घंटा, घसरगाडी आणि सांताक्लॉज घ्या.

ही वाट मला कधीच पटलेली नाही, आणि तिला निरुपद्रवी म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद तपासण्यासारखा आहे. या गाण्यांत धर्म उरलेलाच नाही, ती सगळ्या देशाची झाली आहेत, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. जेम्स पियरपॉन्ट यांच्या १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जिंगल बेल्स’मध्ये नाताळचे नावसुद्धा नाही. १९४२ च्या चित्रपटातून घराघरांत पोचलेले ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिणारे आयर्व्हिंग बर्लिन हे रशियातून १८९३ मध्ये आलेले ज्यू बालक, लोअर ईस्ट साइडच्याच गल्ल्यांत वाढलेले. लाल नाकाच्या रुडॉल्फचे १९४९ चे गाणे लिहिणारे जॉनी मार्क्सही ज्यू. अमेरिकेचा लौकिक नाताळ बऱ्याच अंशी याच समाजाच्या मुलांनी गाण्यातून उभा केला, ही गोष्ट मन हलवणारी आहे. अशी गाणी शाळेत गायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण हाच न्याय ख्रिस्तजन्माच्या स्तोत्रांना लावायचा, आणि तेही आता नुसते ऋतूचे गाणे झाले म्हणायचे, हे दोन्ही बाजूंवर अन्यायाचे आहे. श्रद्धावान ख्रिस्ती माणसाला त्यातून सांगितले जाते की तुझ्या तारणहाराचा जन्म ही हवापाण्याची गोष्ट आहे. आणि ज्यू, मुसलमान, हिंदू वा नास्तिक मुलाला सांगितले जाते की जे तुला खटकते त्यात खटकण्यासारखे काही नाहीच. स्तोत्राला स्तोत्र म्हणणे हा त्याचा मान राखण्याचा पहिला भाग आहे.

मग दुसरा तोडगा पुढे येतो: ज्याला नको त्याने गाऊ नये, वर्गाबाहेर जावे. वरवर पाहता यात खोट दिसत नाही. पण न्यायालयांसमोर आलेला पुरावा वाचला की तो तोडगा मुलाच्या अंगावर कसा येतो ते कळते. इलिनॉयमधल्या शॅम्पेन गावच्या शाळेत धर्मशिक्षणाचा तास भरे, आणि त्याला न बसणाऱ्या एका मुलाला वर्गाबाहेर एकटे बसवले जाई. शिक्षा झालेली मुले बसवतात तसेच. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ती पद्धत अवैध ठरवली. पेनसिल्व्हेनियात रोज बायबलातली किमान दहा वचने वाचायचा कायदा होता, आणि पालकाच्या चिठ्ठीवर सूट होती. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या शेम्प कुटुंबातल्या वडिलांनी साक्षीत सांगितले की आपण सूट मागायचे टाळले, कारण मुले विचित्र ठरतील, बोळात उभी राहतील, आणि पाहणाऱ्याला वाटेल की यांना शिक्षा झाली आहे. शिवाय त्याच वेळी दिल्या जाणाऱ्या शाळेच्या सूचनाही त्यांच्या कानांवर पडणार नाहीत. १७ जून १९६३ रोजी न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी लिहिलेल्या निकालाने ते वाचन थांबले. त्याच निकालात हेही म्हटले होते की साहित्य आणि इतिहास म्हणून बायबलचा अभ्यास करायला काही आडकाठी नाही. या दोन वाक्यांमधली जागा हीच शाळेतल्या धर्मगीताची खरी जागा. १९०६ च्या बहिष्काराचे बळही इथेच कळते. बाहेर जाण्याची मुभा एका मुलाला एकटे पाडते; वीस हजार मुले एकदम घरी राहिली तेव्हा कोणीच एकटे पडले नाही. पण ज्या गावात ज्यूंची तीनच घरे आहेत, तिथल्या मुलाने काय करायचे?

या प्रश्नाला सर्वांत नेमके उत्तर देण्याचा प्रयत्न साउथ डकोटातल्या सू फॉल्स या शहराने केला. १९७७ च्या नाताळात तिथल्या एका बालवर्गाच्या कार्यक्रमात प्रश्नोत्तरांचा एक पाठ होता: बाईंनी विचारायचे, मुलांनी येशूच्या जन्माबद्दल उत्तरे द्यायची. एका नास्तिक पालकाने तक्रार केली. मंडळाने नागरिकांची समिती नेमली आणि १९७८ मध्ये नियम केले. ज्या सणाला धार्मिक आणि लौकिक अशा दोन्ही बाजू आहेत तो शाळेत पाळता येईल. धार्मिक आशयाचे संगीत, चित्र, नाट्य चालेल, पण ते तारतम्याने, तटस्थपणे, सांस्कृतिक वारशाचा भाग म्हणून मांडावे. ज्याला नको त्याला सूट. त्या पालकांनी हे नियमही न्यायालयात नेले. १९८० मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने नियम वैध ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. न्यायमूर्ती हीनी यांच्या बहुमताच्या निकालाने एक गोष्ट स्पष्ट केली की बालवर्गातली ती प्रश्नोत्तरे नव्या नियमांत बसणार नाहीत. न्यायमूर्ती मॅकमिलियन यांनी विरोधात मत दिले. सणाविषयी शिकवायचे तर शिकवा, त्यासाठी शाळेने सण साजरा करण्याची गरज काय, असा त्यांच्या मताचा रोख होता. देशभरच्या कितीतरी शाळांनी पुढे सू फॉल्सचाच नमुना गिरवला. मला बहुमताचा निकाल संगीताच्या बाबतीत योग्य वाटतो आणि मॅकमिलियन मुलाच्या बाबतीत. त्या नियमांत पाच वर्षांचे पोर आणि सतरा वर्षांचा गायक एकाच तराजूत तोलले गेले आहेत. बाईंनी म्हण म्हटले की पाच वर्षांचे मूल म्हणते. ते तटस्थपणे गात नाही, मनापासून गाते, आणि गाणे त्याच्यापुरते खरे असते. सतरा वर्षांची मुलगी आपणहून वृंदगायनाला नाव देते, लॅटिन शब्द उच्चारते, आणि ते आपले नव्हेत हे तिला पक्के ठाऊक असते. म्हणून प्राथमिक शाळेच्या सगळ्यांसाठीच्या सभेत स्तोत्र नको, आणि मोठ्या मुलांच्या ऐच्छिक वृंदात ते खुशाल असावे, असे माझे मत आहे.

तिथे ते असलेच पाहिजे, असे मी पुढे जाऊन म्हणेन. पाश्चात्य वृंदगायनाचे भांडार मुख्यतः चर्चसाठी रचले गेले. बाखची पॅशन, हँडेलचा ‘मसाया’, मोझार्टचा ‘रेक्विएम’ काढून टाकले तर शिक्षकाच्या हाती उरते ते फार थोडे, आणि त्यातही उत्तम ते आणखी थोडे. टेक्सासमधल्या डंकनव्हिलच्या वृंदाबाबत १९९५ मध्ये अपील न्यायालयाने हाच मुद्दा मान्य केला. ज्यांना गाण्याची धास्तीच बसली, त्यांनी या प्रश्नाचे नुकसान केले आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटमध्ये २००६ च्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाला फ्रान्झ बीब्ल यांची ‘आवे मारिया’ ही रचना वाजवायची होती. वाजवायची, गायची नव्हे. एकही शब्द उच्चारला जाणार नव्हता. नाव धार्मिक आहे म्हणून ती नाकारली गेली, आणि २००९ मध्ये न्यायालयाने तो नकार उचलून धरला. न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंज-मेपलवुडच्या शाळांनी डिसेंबरच्या मैफलींतून धार्मिक नाताळगीते वाद्यांवरसुद्धा बंद केली. तेही धोरण २००९ मध्ये टिकले. कायद्याच्या दृष्टीने शाळेला एवढे स्वातंत्र्य असेल, पण शब्दाविना वाजणाऱ्या सुरावटीने कोणाच्या तोंडून काय वदवले जाते? १९०६ मधल्या आईबापांचे गाऱ्हाणे आपल्या मुलाच्या तोंडी घातलेल्या शब्दांचे होते. त्यांच्या नावाने सूरच बंद करणे म्हणजे त्यांचे म्हणणे न ऐकणे.

समतोलाचा मार्गही मला अपुरा वाटतो. एक नाताळचे, एक हनुकाचे, आता एक कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या क्वान्झाचे, म्हणजे सगळ्यांना सारखे दिले, असा हिशेब मांडला जातो. हनुका हा ज्यू पंचांगातला तुलनेने लहान सण. नाताळच्या शेजारी येतो म्हणून अमेरिकेत त्याला एवढे थोर केले गेले. इंडियानातल्या एल्खार्टच्या एका शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी ख्रिस्तजन्माचा देखावा वीसेक मिनिटे जिवंत उभा करत आणि बायबलचे वाचन होई. दावा दाखल झाल्यावर वाचन गेले, जिवंत मुलांच्या जागी पुतळे आले, देखावा दोनेक मिनिटांवर आला, हनुका आणि क्वान्झाची गाणी जोडली गेली, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तो बदललेला कार्यक्रम चालू दिला. मिनिटांची ही मापे न्यायालयाला लागत असतील. पण ज्यू मुलालाही दुसऱ्याने ठरवलेली ज्यू प्रार्थना सक्तीची वाटू शकते. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्समध्ये एका शाळेच्या निरोप समारंभात प्रार्थना म्हणायला बोलावले होते ते रब्बींना, आणि तिला हरकत घेणारे कुटुंबही ज्यूच होते. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मताने त्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला, आणि कारण दिले ते मुलावर येणाऱ्या अदृश्य दबावाचे: सगळे उभे राहिले की तोही उभा राहतो.

२०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या शाळेतील फुटबॉल प्रशिक्षकाच्या प्रार्थनेचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सरकार आणि धर्म यांच्या संबंधांबाबतची १९७१ पासूनची जुनी कसोटी बाजूला सारली आणि यापुढे ऐतिहासिक प्रथा आणि समज पाहावी असे सांगितले. शाळेत स्तोत्रे परत आणू पाहणाऱ्यांना यात जोर चढला आहे: आमची परंपरा आहे, म्हणून गाऊ. परंपरेचा हा आक्षेप मी हलका मानत नाही. समाजाला त्याचे सण आणि त्याची गाणी लागतात, आणि शाळेने त्यांच्याकडे पाठ फिरवली तर मुले पोरकी होतात. पण इतिहासाची साक्ष काढायची तर ती पुरी काढावी. त्यात मेसन यांचे गायनाचे तास येतात तसे प्युरिटनांचे पाच शिलिंगही येतात. फिलाडेल्फियाची जळलेली चर्च आणि सिनसिनाटीचा एकमुखी निकालही येतो. शाळेतले स्तोत्र जितके जुने, तितकाच त्याला झालेला विरोधही जुना, आणि तो बाहेरून आलेल्या परक्यांचा नव्हता, तर शाळेत हजेरीपटावर नाव असलेल्या मुलांच्या आईबापांचा होता.

हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला आहे. १९६५ नंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांची मुले याच शाळांत शिकली, आणि २०२३ च्या कायद्याने न्यूयॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची सुटी मिळाली. शाळेत रांगोळी, आकाशकंदील, लेझीम यांना कोण नाही म्हणेल! पण सगळ्या मुलांना हात जोडून लक्ष्मीची आरती म्हणायला लावली, तर ब्राउन्सव्हिलच्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल. भारतात तो विचारला गेलाच. केरळमध्ये १९८५ मध्ये यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहिली, पण गायली नाहीत, म्हणून त्यांना शाळेतून काढले. १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले, आणि त्या निकालात अमेरिकेच्या १९४३ च्या, ध्वजवंदनाची सक्ती नाकारणाऱ्या बार्नेट निकालाचाही विचार केला. राष्ट्रगीताला जी मुभा मिळाली ती स्तोत्राला किंवा आरतीला का नसावी? आपल्या घटनेचा अनुच्छेद २८ तर अमेरिकेच्या तोडग्याहून एक पाऊल पुढे आहे. पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. आणि अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला मुलाला बसवायचे असेल, तर पालकाची संमती आधी हवी. अमेरिकेत नको असेल त्याने चिठ्ठी आणायची, इथे हवे असेल त्याने. मूल परिपाठाला सगळ्यांत मिसळून उभे असताना या फरकाला फार मोल येते, कारण चिठ्ठी आणण्याचे ओझे मग एकट्या पडलेल्या घरावर पडत नाही. मराठी पालकांनी न्यू जर्सीत किंवा क्वीन्समध्ये शाळेकडे दिवाळीची गाणी मागताना हीच अट आपणहून घालावी: आरती वृंदाला शिकवा, तिचा अर्थ आणि ती कोण केव्हा म्हणते ते सांगा, आणि म्हणायची ती ज्यांनी नाव दिले आहे त्यांनीच.